दख्खनच्या पाखरांचा जमाखर्च मांडणारा कर्नल

मांडव्याच्या धक्क्यावर उतरून अलिबागच्या दिशेने निघाले की रस्त्याच्या दोन्ही अंगांना भाताची खाचरे लागतात. पावसाळ्यात या खाचरांच्या बांधांवर एक मळकट तपकिरी पक्षी मान आखडून उभा असतो. चिखलाच्या रंगात तो इतका मिसळून गेलेला असतो की पाय पडण्याची वेळ येईपर्यंत दिसत नाही. मग तो एकदम उडतो आणि त्याचे पांढरेशुभ्र पंख पाहून आपण चकित होतो. हा भुरा बगळा. कोणी त्याला वंचक म्हणतात, कोणी ढोकरी. रोज दिसणारा म्हणून आपण त्याच्याकडे ढुंकूनही पाहात नाही. परंतु जगातील कोणत्याही देशाचा पक्षितज्ज्ञ त्याला अर्डिओला ग्रेयी या नावाने ओळखतो आणि त्या नावापुढे कंसात लिहितो: सायक्स, १८३२.

शेतातल्या एका साध्या बगळ्याच्या नावापुढे हा कोण सायक्स कायमचा येऊन बसला? त्याने हा पक्षी जगात पहिल्यांदा पाहिला असे म्हणावे तर आपल्या शेतकऱ्यांच्या कैक पिढ्यांनी तो पाहिला होता. मग त्याने नेमके केले काय? या प्रश्नाचे उत्तर शोधू लागलो की एका विलक्षण माणसाचे चरित्र हाती लागते. तो सैनिक होता, दुभाषा होता, खानेसुमारी करणारा अधिकारी होता, पुढे ईस्ट इंडिया कंपनीचा अध्यक्ष आणि पार्लमेंटचा सभासदही झाला. आपल्या दृष्टीने महत्त्वाचे हे की महाराष्ट्राच्या पठारावरील पशू, पक्षी, मासे आणि मुंग्या यांची शास्त्रशुद्ध नोंद करण्याचे काम प्रथम त्याने मोठ्या प्रमाणावर हाती घेतले.

विल्यम हेन्री सायक्सचा जन्म २५ जानेवारी १७९० रोजी इंग्लंडमधील यॉर्कशर परगण्यात झाला. आजच्या हिशेबाने ज्या वयात मुलगा शाळेच्या बाकावर असतो त्या वयात, १८०३ साली, तो कंपनीच्या मुंबई फौजेत दाखल झाला. १८०५ साली लॉर्ड लेकने भरतपूरला वेढा घातला तेव्हा हा पंधरा वर्षांचा पोरगा तेथे हजर होता. भरतपूरचा किल्ला काही त्या वेळी इंग्रजांच्या हाती लागला नाही. म्हणजे सायक्सच्या लष्करी आयुष्याची सुरुवात एका अपयशाने झाली. पण या तरुणाला तलवारीइतकीच भाषांचीही ओढ होती. १८१० पर्यंत त्याने हिंदुस्थानी आणि मराठी या दोन्ही भाषांत दुभाष्याची पात्रता मिळवली. ही गोष्ट वरकरणी लहान वाटते, पण त्याच्या पुढच्या साऱ्या कामाचा पाया तीच आहे. ज्याला गावकऱ्याशी त्याच्या भाषेत बोलता येते, त्याच्यासमोर गाव उघडे होते.

१८१७ साली पेशवाईचा शेवट जवळ आला. ५ नोव्हेंबरला खडकीच्या माळावर लढाई झाली, त्यानंतर पुण्यालगत दुसरी. या लढायांत देशी शिपायांच्या तुकडीचा अधिकारी म्हणून सायक्स इंग्रजांच्या बाजूने लढत होता. त्या वेळी पुण्याच्या दरबारी इंग्रजांचा वकील होता माउंट स्टुअर्ट एल्फिन्स्टन. पुढे तोच मुंबईचा गव्हर्नर झाला आणि त्यानेच सायक्सच्या आयुष्याला निराळे वळण दिले.

मध्यंतरी १८२० ते १८२४ अशी चार वर्षे सायक्स युरोपात हिंडून आला. हिंडण्यापूर्वी वेरूळची लेणी आणि विजापूरच्या पडक्या इमारती त्याने बारकाईने पाहिल्या होत्या; त्यांवरचे त्याचे निबंध मुंबईच्या लिटररी सोसायटीने १८२३ साली छापले. १८२४ च्या ऑक्टोबरात तो परतला तेव्हा एल्फिन्स्टनने त्याला एक नवीच जागा दिली. मुंबई सरकारचा सांख्यिकी प्रतिवेदक! म्हणजे नव्याने ताब्यात आलेल्या दख्खनची मोजदाद करणारा अधिकारी. जमीन किती, पीक कोणते, सारा किती, माणसे किती, गुरे किती, पाऊस किती, या सर्वांची माहिती गोळा करून सरकारपुढे ठेवायची होती.

या नेमणुकीमागे कोणाची ज्ञानलालसा नव्हती, हे आपण विसरू नये. राज्य नवे होते, सारा वसूल करायचा होता, आणि ज्याचा सारा घ्यायचा त्याची मोजणी आधी करावी लागते. सायक्सने मिरासदार आणि उपरी यांचे हक्क तपासले, जुने दफ्तर चाळले, गावोगाव जाऊन पाटील-कुलकर्ण्यांना विचारले. पण मोजायला निघालेला हा माणूस साऱ्यापाशी थांबला नाही. ज्या शिवारात ज्वारी उभी आहे त्या शिवारात लावे किती प्रकारचे आहेत, ज्या नदीवर धरण बांधता येईल त्या नदीत मासे कोणते आहेत, हेही त्याने आपल्या वहीत लिहिले. दिवसातून ठराविक वेळी हवेचा दाब आणि उष्णतामान पाहून तेही टिपले. पुण्याच्या हवेचा दाब दिवसातून कसा ठराविक चढतो आणि उतरतो, यावरचा त्याचा निबंध लंडनच्या रॉयल सोसायटीने १८३५ साली छापला. त्याच्या आदल्याच वर्षी या सोसायटीने त्याला आपला फेलो केले होते.

नवी जात जाहीर करणे म्हणजे काय, हे येथे थोडे समजून घेतले पाहिजे. केवळ पाहून भागत नाही. नमुना मिळवावा लागतो, तो टिकवावा लागतो, त्याचे अंग न् अंग मोजावे लागते. मग त्याच्या जवळच्या साऱ्या ज्ञात जातींशी तुलना करायची, फरक नेमक्या शब्दांत लिहायचे, लॅटिन नाव द्यायचे आणि ते सर्व छापून प्रसिद्ध करायचे. छापल्याशिवाय नावाला अर्थ नाही, आणि दोघांनी एकाच प्राण्याला दोन नावे दिली तर सर्वसाधारणपणे आधी छापलेले नाव टिकते. पुढे अभ्यास वाढला आणि तो प्राणी दुसऱ्या प्रजातीत हलवावा लागला, तर मूळ लेखकाचे नाव कंसात जाते. भुऱ्या बगळ्यापुढचा कंस हीच कहाणी सांगतो. सायक्सने त्याला अर्डिया या प्रजातीत घातले होते. पुढच्यांनी त्याचे घर बदलले, पण नाव ठेवण्याचा मान मूळ माणसाकडेच राहिला.

सायक्सच्या नोंदींत एक गोष्ट विशेष लक्षात येते. पक्षी हाती आला की तो आधी त्याच्या डोळ्याचा रंग लिही. याचे कारण असे की कातडी वाळवून पेंढा भरला की पिसांचा रंग बराच टिकतो, पण डोळ्याचा रंग मेल्यावर लगेच जातो. लंडनच्या संग्रहालयात बसून काम करणाऱ्या पंडिताला ही माहिती कधीच मिळाली नसती. त्यानंतर तो पक्ष्याचे पोट फाडून पाही. आत दाणे निघाले की किडे, की बेडूक? आतड्याची लांबीही मोजी. पक्षी काय खातो हे शेतीच्या हिशेबाचेही अंग होतेच, आणि शास्त्राचेही.

या परिश्रमांचे फळ १८३१ आणि १८३२ साली लंडनच्या झूलॉजिकल सोसायटीच्या वृत्तांतात दिसले. आधी दख्खनच्या सस्तन प्राण्यांची यादी आणि मग पक्ष्यांची. पक्ष्यांच्या यादीत छपन्न जाती शास्त्राला नव्या म्हणून दिलेल्या होत्या. परसातल्या झुडपात शेपटी उडवीत बडबड करणारे राखी वटवट्या आणि साधा वटवट्या हे दोघेही त्याच यादीतून जगापुढे आले. माळावर टोळीने फिरणाऱ्या मोठ्या राखी सातभाईला त्याने मुंबईचा तेव्हाचा गव्हर्नर सर जॉन माल्कम याचे नाव दिले. सह्याद्रीच्या रानात फुलांवर भिरभिरणाऱ्या, लाल गळ्याच्या सूर्यपक्ष्याला झूलॉजिकल सोसायटीचा चिटणीस व्हिगर्स याचे, आणि आपल्या भुऱ्या बगळ्याला ब्रिटिश म्युझियममधल्या जॉन एडवर्ड ग्रे याचे. वरिष्ठांचा आणि मित्रांचा मान राखण्याची ती रीतच होती.

पण सर्व नावे साहेबांचीच नाहीत. एका चंडोलाला त्याने देव हे नाव दिले, एका लहानशा वटवट्याला राम. संध्याकाळी जमिनीलगत उडणाऱ्या एका रातव्याचे नाव ठेवले माहराट्टेन्सिस, म्हणजे मराठ्यांच्या मुलखातला. हिवाळ्यात आपल्याकडे येणाऱ्या पांढऱ्या परिटाच्या एका प्रकाराला दुखुनेन्सिस, म्हणजे दख्खनचा, असे म्हटले. हा परीट विणीसाठी दूर उत्तरेला जातो; तरी त्याच्या नावात दख्खन कायम राहिले, कारण त्याची ओळख येथे पटली. खडकीला ज्यांच्याविरुद्ध तो लढला त्यांचे नाव त्यानेच एका पाखराला द्यावे, हा इतिहासाचा विनोद म्हणावा की न्याय?

प्राण्यांच्या यादीत लांडगा आहे. दख्खनच्या उघड्या, दगडाळ माळावरचा लांडगा युरोपातल्या लांडग्याहून वेगळा आहे हे त्याने ओळखले आणि पायांच्या फिकट रंगावरून त्याला पॅलिपीस म्हटले. भारतीय लांडगा आजही याच नावाने ओळखला जातो. कोळसून, म्हणजे आपला रानकुत्रा, यालाही त्याने नवी जात म्हणून दुखुनेन्सिस असे नाव दिले. येथे मात्र दुसरा आधी पोहोचलेला होता. पीटर पालास या शास्त्रज्ञाने याच प्राण्याचे वर्णन १८११ सालीच छापले होते. त्यामुळे सायक्सचे नाव जातीचे म्हणून टिकले नाही. एका पोटजातीपुरते उरले. त्याच्या इतर काही नव्या जातींचीही पुढे अशीच गत झाली. वर्गीकरणाच्या शास्त्रात हे नित्याचेच आहे. एक पिढी नावे ठेवते आणि पुढची पिढी त्यांचा हिशेब पुन्हा तपासते.

सायक्सचे सर्वांत मनोवेधक काम माशांचे आहे. दख्खनच्या माशांवरचा त्याचा निबंध १८३८ साली सोसायटीपुढे वाचला गेला आणि १८३९ साली त्याचा सारांश प्रसिद्ध झाला. पुढे १८४१ साली तो चित्रांसह सविस्तर छापला गेला. भीमा, घोड, मुळा-मुठा या नद्यांतले हे मासे. यांना नावे देताना सायक्सने फार लॅटिन खटपट केलीच नाही. नदीकाठच्या लोकांनी जे नाव सांगितले, तेच आपल्या कानाला जसे ऐकू आले तसे त्याने रोमन लिपीत उतरवले आणि शास्त्रीय नाव म्हणून छापून टाकले! शिंगट्याचा झाला सीन्गटी, कोळशाचा कोलुस, फुलंगीचा फुलुंगी. टाकरी, गुंगवारी, संदखोल, मुसुल्ला अशी नावे लॅटिन ग्रंथांत जाऊन बसली. रोहटी तर एका सबंध प्रजातीचे नाव झाले. मुळा-मुठेतल्या महसिराला, ज्याला आपल्याकडे खडशी म्हणतात, त्याने खुद्री म्हटले. टॉर खुद्री हे त्याचे नाव आजही चालते. लोणावळ्याजवळ वळवण येथे याच माशाची बीजनिर्मिती १९७० च्या दशकापासून होत आली आहे.

आपल्या किनाऱ्यावरचा कोळी समुद्रातल्या शिंगाळ्याला शिंगाळा म्हणतो, कारण त्याच्या काट्याचा डंख त्याने सोसलेला असतो. देशावरच्या नदीतला शिंगटाही तसाच काटेवाला. म्हणजे त्या नावातच माशाचे अर्धे वर्णन आहे. असे नाव ठेवणारा माणूस निरीक्षक नव्हता असे कोण म्हणेल? सायक्सचा मोठेपणा हा की त्याने ही नावे फेकून दिली नाहीत. परंतु हेही खरे की नावे छापली गेली आणि नावे सांगणारे मात्र छापले गेले नाहीत. ज्याने जाळे टाकले, ज्याने पाखरू मारून आणले, ज्याने कातडी सोलली, त्यांच्यापैकी कोणाचेही नाव कंसात आले नाही. माल्कमला सातभाई मिळाला, ग्रेला बगळा मिळाला. भीमेवरच्या कोळ्याला काय मिळाले? त्याचा शब्द अमर झाला, तो स्वतः अनामिक राहिला. सायक्सचे मोल करताना हिशेबाची ही दुसरी बाजूही मांडली पाहिजे.

मुंग्यांविषयीचा त्याचा निबंध १८३५ सालचा. पुण्याला असताना त्याने पाहिले की पावसाळा संपतानाच्या वादळी सरींनंतर ऊन पडले की मुंग्या बिळांतून गवताचे बी बाहेर आणून वाळत घालतात. मूठमूठभर बियांचे ढीग माळावर ठिकठिकाणी दिसत. म्हणजे या मुंग्या धान्य साठवतात आणि ओल लागली तर उन्हेही दाखवतात. आपल्या घरातली आजी पापड-कुरडया वाळवते त्यातलाच हा प्रकार! आपल्याला यात नवल वाटणार नाही, पण युरोपातल्या त्या वेळच्या पंडितांना ते पटत नव्हते. मुंगी धान्य साठवते ही प्राचीनांची भोळी समजूत आहे, असे ते मानत, कारण उत्तर युरोपातल्या मुंग्या तसे करीत नाहीत. सायक्सने या मुंगीला नाव दिले प्रोव्हिडेन्स, म्हणजे पुढचा विचार करणारी. भूमध्य समुद्राच्या काठच्या मुंग्यांचीही अशी साठवण मॉग्रिज या इंग्रजाने १८७३ च्या पुस्तकात सिद्ध केली. तोवर सायक्सला जाऊन एक वर्ष झाले होते.

दुसऱ्या एका मुंगीचे नाव त्याने ठेवले इन्डेफेसा, न थकणारी. त्याच्या घरी मिठाई एका टेबलावर ठेवीत आणि टेबलाचे पाय पाण्याच्या भांड्यांत असत. मुंग्या पाणी ओलांडून जात. टेबल भिंतीपासून दूर केले तर त्या भिंतीवर टेबलाच्या वर चढून तेथून खाली मिठाईवर उड्या टाकीत. गृहिणीला चीड आणणारा हा प्रकार सायक्सने नोंदवहीत उतरवला. शास्त्रज्ञ आणि इतर माणसे यांच्यात फरक असतो तो एवढाच.

१८२९ च्या अखेरीस सरकारने काटकसर म्हणून सांख्यिकी प्रतिवेदकाची जागाच बंद केली. काम अर्धे पडले होते. दुसरा कोणी असता तर पलटणीत परत गेला असता. बढतीची वाटही तीच होती. सायक्सने मात्र परवानगी मिळवून आपले काम चालू ठेवले आणि जानेवारी १८३१ मध्ये ते पुरे केले. मगच तो मायदेशी गेला. १८३३ साली तो कर्नल म्हणून निवृत्त झाला. मासे, मुंग्या, हवामान, जमीनधारा, जुन्नरच्या लेण्यांतले शिलालेख यांवरचे निबंध यानंतरचे आहेत. हिंदुस्थानातल्या सात वर्षांच्या वह्या त्याला पुढे कैक वर्षे पुरल्या.

उरलेले आयुष्य मानसन्मानांचे. १८४० साली तो ईस्ट इंडिया कंपनीचा संचालक झाला आणि १८५६ साली अध्यक्ष. योगायोग असा की ज्या १८४० साली तो संचालक झाला, त्याच साली कंपनीने आंग्र्यांची कुलाब्याची दौलत वारस नाही म्हणून खालसा केली आणि मांडवा-अलिबागचा हा किनारा इंग्रजी अमलाखाली आला. सायक्स दख्खनात पाखरे मोजत हिंडत होता तेव्हा येथे आंग्र्यांचे राज्य होते; म्हणून त्याच्या याद्या घाटमाथ्यावरच्या. १८५७ पासून मरेपर्यंत तो ॲबर्डीनतर्फे पार्लमेंटचा सभासद होता. रॉयल एशियाटिक सोसायटीचे आणि स्टॅटिस्टिकल सोसायटीचे अध्यक्षपदही त्याने भूषवले. १६ जून १८७२ रोजी लंडनमध्ये तो वारला. त्याचे नमुने कंपनीच्या लंडनच्या संग्रहालयात होते. पुढे तेथला प्राणिसंग्रह ब्रिटिश म्युझियमकडे गेला.

कुलाब्याच्या किनाऱ्याकडे पक्षिशास्त्र नीट वळले ते बऱ्याच काळाने. सलीम अली यांनी १९३० साली मांडव्याहून जवळच असलेल्या किहीमला सुगरणींची वसाहत दिवसेंदिवस न्याहाळली आणि सुगरणीच्या संसाराची जी हकिकत जगाला दिली तिने त्यांचे नाव झाले. सायक्सने पाखराला नाव दिले, सलीम अलींनी त्याचा संसार वाचला. पहिल्याशिवाय दुसरे होत नाही.

आता सर्व नावे ठेवून झाली, आपल्याला काही उरले नाही, असे कोणाला वाटेल. पक्ष्यांपुरते ते बरेचसे खरे आहे. कीटकांच्या बाबतीत मात्र ते मुळीच खरे नाही. एकच उदाहरण घेऊ. पावसाळ्यात कुजक्या पाल्याखाली, शेणाखाली, समुद्राने टाकलेल्या शेवाळाखाली बारीक, लांबट किडे शेपूट उचलून पळताना दिसतात. पाठीवरची टरफले अर्ध्या अंगापुरतीच, पण त्यांच्याखाली उडण्याचे पंख घडी घालून ठेवलेले. इंग्रजीत यांना रोव्ह बीटल म्हणतात. त्यांच्यातलाच एक काळा-नारिंगी किडा रात्री दिव्यावर येतो आणि अंगावर चिरडला तर कातडी भाजल्यासारखी होते. यांच्या कुळात साठ हजारांहून अधिक जातींना नावे मिळाली आहेत आणि उष्ण प्रदेशांतून नव्या जाती सतत निघत आहेत. हिंदुस्थानातल्या या किड्यांची चार खंडांची जंत्री माल्कम कॅमरन या नौदलातल्या डॉक्टरने १९३० ते १९३९ या काळात प्रसिद्ध केली. नव्या जातीच्या शोधात आजही तेच कष्ट आहेत: तांदळाच्या दाण्याएवढा किडा सूक्ष्मदर्शकाखाली फाडायचा, नराची जननेंद्रिये वेगळी काढून चितारायची आणि दूरदूरच्या संग्रहालयांतल्या मूळ नमुन्यांशी ताडून पाहायची.

आपण कला शाखेची मुले. सूक्ष्मदर्शक आपल्या वाट्याला यायचा नाही असे आपण गृहीत धरतो. पण सायक्स तरी कोणत्या विद्यापीठाचा पदवीधर होता? तेराव्या वर्षी तो फौजेत गेला. त्याच्यापाशी होती ती मराठी भाषा, एक वही, आणि हाती घेतलेले काम जागा गेली तरी पुरे करण्याची चिकाटी. यांतली भाषा तर आपल्याला जन्मतःच मिळाली आहे. आपल्या कोळीवाड्यांत माशांची, किड्यांची, पाखरांची, वाऱ्यांची शेकडो नावे म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी आहेत आणि ती माणसे एकेक करून जात आहेत. ही नावे लिहून घ्यायला कोणी कर्नल आता येणार नाही. आपण लिहिली तर एक सुधारणाही करता येईल: नावाशेजारी ते सांगणाऱ्याचे नावही लिहून ठेवावे.